वाडीच्या बाई

(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्र आणि नवी पिढी' असा विषय दिला होता. मी होकारही दिला होता. पण गेल्या आठवड्यात पुण्याहून फोन करून सांगितलं, की मला विषय बदलून हवा आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संगणकावर बोलणारे पुष्कळ आहेत. वाडीच्या बाईंवर बोलायचं आश्वासन मात्र मी एका माणसाला दिलं होतं, आणि तो माणूस आज पहिल्या रांगेत बसला आहे. काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. तुम्ही म्हणाला होतात, "सकाळची तोडणी झाली तर बघतो."

शाळेत बाई पुष्कळ होत्या. मराठीच्या बाई, चित्रकलेच्या बाई, मोठ्या बाई. ह्या 'वाडीच्या बाई', कारण त्या वाडीतून चालत यायच्या आणि वाडी त्यांच्याबरोबर शाळेत यायची. केसांत कागड्याचा गजरा, पिशवीत वह्यांच्या गठ्ठ्याखाली अळूची जुडी नाहीतर पडवळ, आणि बोटांवर काळे डाग. ते डाग शाईचे आहेत असं मला कितीतरी दिवस वाटायचं. ते केळीच्या चिकाचे होते. लुगड्याला, पातळाला लागला तर तो जन्मात निघत नाही. बाईंच्या बहुतेक साड्यांच्या पदरावर एखादा तरी असायचाच.

पाचवी ते सातवी त्यांनी आपल्याला गणित शिकवलं. ज्यांना पट्टी आठवते त्यांनी हात वर करावा. बरेच आहेत! बाई तापट होत्या, हे काकांसमोर सांगायला हरकत नाही. अक्षर घाणेरडं असलं की वही खिडकीबाहेर. माझी एकदा पावसाळ्यात गेली होती.

माझं घर वसईतलं नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. वडील गिरणीत कारकून. 1982 चा संप झाला, गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं आणखी काही वर्षं काढली, आणि 1988 मध्ये वडिलांनी होतं नव्हतं ते विकून स्टेशनच्या बाजूला चार मजली बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. वसईत तेव्हा स्वस्त जागा मिळत होत्या. त्या स्वस्त का होत्या, आणि बिल्डिंगच्या आधी त्या जमिनीवर काय होतं, हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

शाळेत पहिल्या दिवशी बाईंचं नाव ऐकून वडील खूश झाले होते. पोर्तुगीज आडनाव, म्हणजे इंग्रजी चांगलं शिकवतील! बाईंना इंग्रजी जेवढ्यास तेवढं यायचं. मराठी मात्र आमच्या घरातल्यांपेक्षा शुद्ध. घरी त्या आणि काका कादोडीत बोलायचे, देवाशी मराठीत आणि फळ्यावर आकड्यांत. तुमच्यातली निम्मी मुलं पाचवीत येताना कादोडीच बोलत आली होती, आणि आम्ही बिल्डिंगवाले त्यावर हसायचो. बाईंनी एकदा आम्हा हसणाऱ्यांना उभं केलं आणि सांगितलं, की फादर स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला माणूस गोव्यात मराठी शिकला आणि 1616 साली त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओव्यांमध्ये. "तो परक्या देशातून येऊन शिकला. तुम्ही स्टेशनाच्या पलीकडून आलात, तुम्हाला कादोडी शिकायला काय होतं?" मी शिकले नाही. पण हसणं थांबलं.

पाठांतराचा त्यांना फार राग. त्याचं कारण त्यांनी एकदा वाडीत सांगितलं होतं. बाईंचा जन्म 1948 चा. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. लॅटिन उत्तरं त्यांना घडाघडा पाठ होती आणि एका शब्दाचाही अर्थ माहीत नव्हता. पुढे व्हॅटिकनची मोठी परिषद झाली, 1962 ते 65, आणि त्यानंतर हळूहळू मिस्सा मराठीत आली. बाई म्हणाल्या, "तेव्हा कळलं, मी इतकी वर्षं देवाकडे काय मागत होते ते. त्यातलं निम्मं मला नकोच होतं." आणि हसल्या. म्हणून सूत्र पाठ करून आलेल्या मुलाला त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "हे कुठून आलं?"

आता मुद्द्यावर येते. मला जे सांगायचं आहे ते सातवीत घडलं, 1992 च्या फेब्रुवारीत. तुमच्यातल्या काहींना ते उदाहरण आठवत असेल. उदाहरणानंतर काय झालं ते मात्र कोणालाच माहीत नाही.

त्या वर्षी टँकरांचा सुळसुळाट होता. नव्या बिल्डिंगींना नळाचं पाणी नव्हतं, सूर्या धरणाचं पाणी यायला अजून बरीच वर्षं होती. गावागावातल्या वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले होते आणि तिथून टँकर भरून स्टेशनकडे यायचे. इकडे गावांतून हिरवा पट्टा वाचवायची चळवळ सुरू झाली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसई संरक्षण समिती, मोर्चे, सभा. हेच फादर पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याबद्दल काय बोललं जायचं ते मी इथे सांगत नाही.

वर्गात एक दिवस भांडण झालं. गावातला एक मुलगा, आज तो इथे आहे, त्याचा राग अजून मला मान्य आहे, मधल्या सुट्टीत म्हणाला, "हे बिल्डिंगवाले आमचं पाणी पितात." मग काय व्हायचं ते झालं. माझ्या बाजूने मीच जास्त बोलले असेन. बाईंच्या कानावर गेलं. त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उदाहरण होतं.

एक गोल विहीर. व्यास 6 मीटर. संध्याकाळी पंप बंद केला, दोरीला गाठ मारून पाण्याची पातळी मोजली. पहाटे पुन्हा मोजली. 12 तासांत पाणी 1 मीटर चढलं. तर दिवसभरात, म्हणजे 24 तासांत, विहिरीत किती लिटर पाणी येतं? वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र आम्हाला अजून झालं नव्हतं. बाई म्हणाल्या, "ते पुढच्या वर्षीचं आहे. आज उसनं घ्या." आम्ही केलं. त्रिज्या 3, तिचा वर्ग 9, गुणिले 3.14, झाले 28.26. एका मीटरला 28,260 लिटर. दोन मीटरला 56,520. मग पुढचं वाक्य: ह्या विहिरीतून रोज 10,000 लिटरच्या टँकरच्या 8 खेपा जातात. किती पाणी कमी पडतं? 23,480 लिटर. "मग ते कुठून येतं?" कोणी म्हणालं शेजारच्या विहिरीतून, कोणी म्हणालं विहीर आणखी खोल करतात. "आणि खोल गेल्यावर?" मागच्या बाकावरून आपला एक कोळीवाड्यातला मित्र म्हणाला, "खारं पाणी लागतं, बाई."

वर्गातली गावची मुलं माझ्याकडे बघत होती. मी वहीत बघत होते.

बाईंनी फळ्याचा दुसरा अर्धा भाग पुसला आणि लिहिलं: भाग दुसरा. एका बिल्डिंगमध्ये 24 घरं, प्रत्येक घरात 5 माणसं. शहरात माणशी 135 लिटर पाणी द्यावं असा सरकारी हिशोब आहे. तर रोज किती पाणी हवं? 16,200 लिटर. त्या बिल्डिंगला दर 3 दिवसांनी एक टँकर मिळतो, 10,000 लिटरचा. तर माणशी रोज किती पाणी येतं? जेमतेम 28 लिटर. मग बाईंनी गावच्या मुलांना विचारलं, तुमच्या घरी म्हशीला दिवसाला किती पाणी लागतं? एकाने हळूच सांगितलं. ते 28 पेक्षा बरंच जास्त होतं. वर्गात कोणी हसलं नाही.

बाईंनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि तास संपला. कोण बरोबर, कोण चूक, असं काही त्या बोलल्या नाहीत.

मी घरी गेले. वडील साडेआठला लोकलमधून चुरगळून आलेले. त्या दिवशी टँकर आला नव्हता, आई चिडलेली. मी सांगितलं, "आज बाईंनी वर्गात गणित घातलं, की आपल्या बिल्डिंगमुळे त्यांच्या विहिरी आटतात." एवढंच. भाग दुसरा मी सांगितला नाही. तो विसरले नव्हते, मित्रांनो. मला दिवसभराचा राग होता आणि कोणीतरी माझ्या बाजूने भांडायला हवं होतं.

वडिलांनी त्याच रात्री पत्र लिहिलं. गणिताच्या तासाला राजकारण शिकवलं जातं, मुलांत भेद केला जातो, शिक्षिका एका चळवळीच्या आहेत, अशी तक्रार. खाली बिल्डिंगमधल्या आणखी सात जणांच्या सह्या. ते पत्र दुसऱ्या दिवशी कार्यालयात मीच नेऊन दिलं.

बाईंना बोलावणं आलं. आत काय झालं मला माहीत नाही. त्यांनी लेखी खुलासा दिला एवढं नंतर कळलं. त्या खुलाशात त्यांनी माझं नाव घातलं नाही आणि मुलीने अर्धवट सांगितलं असंही लिहिलं नाही. संपूर्ण उदाहरण, दोन्ही भाग, सोडवून जोडलं होतं. बस. दोन दिवसांनी सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं, "उदाहरण पूर्ण सांगितलं होतंस का घरी?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं. जा, डबा खा."

त्यानंतरच्या शनिवारी त्या आमच्या घरी आल्या. चार मजले चढून. जिन्यात, पॅसेजमध्ये सगळीकडे पिंप, कळश्या, झाकण लावलेल्या बादल्या, त्यांतून वाट काढत. वडील ओशाळले. आईने चहा केला, आणि बाईंनी पाणी मागितलं नाही हे माझ्या लक्षात आलं. पत्राचा विषय कोणीच काढला नाही. निघताना त्या आईला म्हणाल्या, "प्यायच्या पाण्यासाठी पोरीला सकाळी कॅन घेऊन पाठवत जा आमच्याकडे. सायकलवर दोन कॅन बसतात." वडील म्हणाले, "अहो, कशाला..." बाई म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. अजून."

अशी मी सातवीच्या फेब्रुवारीपासून दहावीपर्यंत रोज सकाळी वाडीत जात होते. वाडीच्या बाई मला खऱ्या अर्थाने तिथे कळल्या.

पहाटे साडेतीनला बाई आणि काका उठायचे. थंडीत कागडा, उन्हाळ्यात मोगरा. कळी उमलायच्या आत खुडायला हवी, म्हणजे बॅटरीच्या उजेडात. फुलांचं गाठोडं ओल्या फडक्यात बांधून काका सायकलवर स्टेशनला न्यायचे आणि ते पहाटेच्या लोकलने दादरला जायचं. काका एकदा म्हणाले होते, "आमची फुलं आमच्याआधी सिद्धिविनायकाला पोचतात." सहाला बाई मिस्साला. पाऊस असो, ताप असो. मी पोचायचे तेव्हा त्या चर्चमधून परत येत असायच्या, डोक्यावरचा पदर अजून तसाच. वाडीच्या तोंडाशी चुनखडीचा जुना क्रूस होता, त्याच्यापाशी क्षणभर थांबायच्या, मग पदर कमरेला खोचून गोठ्यात. लाल लुगड्यातल्या त्यांच्या सासूबाई ओटीवर बसून भाजीच्या जुड्या बांधायच्या. लग्न ठरताना सासूबाईंनी अट घातली होती म्हणे: शाळा कर, पण फुलं आधी. बाईंनी 1968 पासून 2006 पर्यंत, निवृत्त होईपर्यंत, दोन्ही केलं.

बावखल मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आज इथे आपली मुलंही आली आहेत म्हणून सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहतात. पूर्वी त्यावर रहाट असायचे. पंप आल्यावर रहाट गेले, आणि जमिनीचा भाव वाढल्यावर कितीतरी बावखलं बुजवली गेली. बाईंच्या वाडीतलं बुजलं नाही. ते त्या दर उन्हाळ्यात स्वतः उभं राहून साफ करून घ्यायच्या.

कामाला वारली बायका यायच्या. संध्याकाळची घंटा चर्चमध्ये वाजायच्या आत त्यांची मजुरी त्यांच्या हातात. उद्या देते, हा शब्द नाही. एकदा सुटे नव्हते म्हणून एका बाईचे दोन रुपये राहिले, तर दिवेलागणीनंतर मला सायकलवर पाड्यावर पाठवलं होतं. मी कुरकुरले, दोन रुपयांसाठी कशाला? बाई म्हणाल्या, "मला रोझरी म्हणायची आहे. ते दोन रुपये मध्ये येतात."

त्यांची भक्ती मला अशीच दिसली, हिशोबात. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, त्या बिनसाखरेचा चहा प्यायच्या. त्यात काही विशेष नाही, आपल्याकडेही चातुर्मासात कोणी काही सोडतं. पण वाचलेल्या साखरेचे पैसे त्या आठवड्याला मोजून चर्चने दिलेल्या पुठ्ठ्याच्या डबीत टाकायच्या, बाजारातल्या त्या आठवड्याच्या भावाने. भाव वाढला की डबीत जास्त. मला त्याची गंमत वाटायची.

1995 च्या मे महिन्यात दहावीची परीक्षा झालेली होती, निकाल लागायचा होता. एक दिवस कॅन भरताना बाईंनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि तोंड जरा वेगळं केलं. "उद्यापासून येऊ नकोस. मचूळ लागतंय." अभियांत्रिकीला गेल्यावर मी वाचलं, की समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी 1 फूट उतरली की खालचं खारं पाणी सुमारे 40 फूट वर सरकू शकतं. वाचताना मला मागच्या बाकावरचा तो कोळीवाड्यातला आवाज ऐकू आला.

पुढचं थोडक्यात. मी इंजिनियर झाले, नोकऱ्या, पुणे, लग्न, मुलगी. नाताळला बाईंना फोन. कधी सुट्टीत गेले तर राजेळीची सुकेळी, केळीच्या सोपात बांधलेली, बरोबर यायचीच. पत्राबद्दल मी त्यांची कधीही माफी मागितली नाही. प्रत्येक वेळी वसईला येताना ठरवायचे आणि परत जायचे. डिसेंबर 2023 मध्ये बाई गेल्या. मला कळलं तेव्हा दफन झालं होतं. सातव्या दिवसाच्या मिस्साला मी आले, मागच्या बाकावर बसले. नंतर काकांच्या ओटीवर मी त्यांना ते सगळं सांगितलं. पत्र, अर्धं उदाहरण, सगळं.

काका म्हणाले, "मला माहीत आहे." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते आज त्यांच्या परवानगीने सांगते.

ते उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं. पण विहीर कोणाची, हे नव्हतं कळलं. बाईंची विहीर आणि दिरांची विहीर, दोन्ही आजोबांनी खणलेल्या, सारख्या मापाच्या, मध्ये एक कुंपण. टँकर भरायचे ते दिरांच्या विहिरीवर. पाणी विकायला त्यांनी 1990 मध्ये सुरुवात केली, तेव्हा दोन घरांत बोलाचाली झाली आणि बोलणं बंद झालं. बाई तापट, ते मी आधी सांगितलंच. जवळजवळ दीड वर्ष त्या जावेशी आणि दिराशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि त्या दीड वर्षात, काका म्हणाले, ती रोज मिस्साला जायची पण कम्युनियन घ्यायला उठायची नाही. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ह्याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वेदीपाशी जाताना भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, अशी येशूची शिकवण आहे. बाईंनी ती शब्दशः घेतली. समेट करणार नव्हत्या, म्हणून प्रसादही घेणार नव्हत्या. सगळं गाव बघत होतं. रोज पहाटे चर्चमध्ये हजर असणारी बाई रांग लागली की बाकावर बसून राहते. फादरांनी विचारलं, सासूबाई रडल्या. बाई हलल्या नाहीत.

माझ्या वडिलांचं पत्र आलं त्या रात्री बाईंनी काकांना सगळं सांगितलं. काकांना मुलीचा, म्हणजे माझा, राग आला होता. बाई बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "तिने उदाहरण अर्धंच घरी नेलं. आपण तरी दिराचं पूर्ण कुठे मांडलं?" दिरांची पानवेल रोगाने मेली होती. मुलाच्या आजारपणाचं कर्ज होतं. टँकरवाला रोख पैसे देत होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आमच्या घरात कोणी ते तोंडाने म्हणत नव्हतं, असं काका म्हणाले.

1992 च्या पवित्र गुरुवारच्या आधी दोन दिवस बाई कुंपण ओलांडून गेल्या. काय बोलल्या ते काकांनाही माहीत नाही. तासाभराने परत आल्या. ईस्टरला कम्युनियनच्या रांगेत उभ्या राहिल्या. दिरांनी पाणी विकणं थांबवलं नाही. पुढे कित्येक वर्षं टँकर येतच होते, आणि बाई जावेच्या ओटीवर बसून ते मोजत होत्या.

ह्यात माझं काही श्रेय आहे असं कृपा करून कोणी म्हणू नका. चहापानात मला तसं कोणीतरी म्हणेल याची भीती वाटते म्हणून आधीच सांगते.

ओटीवरून उठताना काकांनी आतून एक वही आणली. एकात एक शिवलेल्या वह्यांचा गठ्ठाच म्हणायचा, उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कागदांच्या. जानेवारी 1990 पासून दर रविवारी मिस्साहून आल्यावर बाई विहिरीत गाठींची दोरी सोडायच्या आणि लिहायच्या: तारीख, पाणी किती खोल, चव. चवीचे तीनच शब्द. गोड, मचूळ, खारट. सतराशेहून जास्त नोंदी आहेत. मी आयुष्यभर दुसऱ्यांची माहिती साठवण्याचं काम केलं, इतकी सलग, इतकी नीटस माहिती क्वचित पाहिली. गेल्या वर्षभरात रात्री बसून मी ती सगळी संगणकावर चढवली. मे 1995 पासून मचूळ. 1998 च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा खारट. त्यानंतर पानवेल नाही, कागडा थोडाच, केळी पिवळी पडणारी. नारळ तेवढे उभे राहिले, त्यांना खाऱ्याचं फारसं काही वाटत नाही. गेल्या काही वर्षांत पावसानंतरचे दोनचार महिने पुन्हा 'गोड' असा शब्द येतो. कुंपणापलीकडच्या विहिरीवरचा पंप आता बंद असतो.

आणि एक. 26 एप्रिल 1992 पर्यंत वहीत एकाच विहिरीचा रकाना आहे. त्या रविवारपासून दोन आहेत. दिरांनी टँकर थांबवला नाही, पण आपल्या विहिरीत दोरी सोडू दिली. त्या रकान्याच्या बाजूला बाईंनी रोजच्या खेपाही लिहिल्या आहेत. आठ, आठ, सात, आठ, सहा.

काकांना सातवीपर्यंतचं शिक्षण आहे. बाईंच्या नंतरच्या नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. ते अक्षर बाईंनी खिडकीबाहेर फेकलं असतं. आज रविवार आहे, आणि इथे येण्याआधी त्यांनी दोरी सोडली होती का, हे मी मघाशी त्यांना विचारलं. सोडली होती. आपल्या विहिरीत पाणी सव्वादोन मीटरवर. पलीकडच्या दोन मीटरवर. चव दोन्हीकडे मचूळ.